जेस्ड २०४बी लिंक उभी करताना: एडी९६८० एडीसी आणि किंटेक्स-७

सेकंदाला १०० कोटी सॅम्पल देणारा १४ बिटांचा दोन चॅनलचा एडीसी (अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप) समांतर एलव्हीडीएस तारांनी (कमी व्होल्टेजच्या तारजोड्यांनी) एफपीजीएला (हवं ते सर्किट आत मांडता येणाऱ्या चिपला) जोडायला गेलं, तर पिनाही पुरत नाहीत आणि तारांच्या लांबीही जुळवता येत नाहीत. म्हणून जेडेक या मानकसंस्थेचं जेस्ड २०४ हे सिरियल मानक आलं. त्याची पहिली आवृत्ती २००६ची, बी २०११ची आणि सी २०१७ची. बी आवृत्तीने लेनमागे (लेन म्हणजे डेटा नेणारी एक तारजोडी) सेकंदाला १२.५ गिगाबिटपर्यंत वेग दिला. शिवाय बोर्ड कितीही वेळा बंद-चालू केला तरी लेटन्सी (डेटा पोचायला लागणारा वेळ) तीच राहील, याची सोयही केली. वेगासाठी सगळे हे मानक घेतात आणि अडकतात मात्र लेटन्सीपाशी.

इथे एकच ठोस उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: केसी७०५ बोर्डावरचा किंटेक्स-७ एफपीजीए, बोर्डाच्या कार्ड जोडायच्या एफएमसी एचपीसी कनेक्टरवर एडी९६८० आणि एलएमके०४८२८ क्लॉक चिप असलेलं कार्ड. सॅम्पलिंग १००० मेगाहर्ट्झ, लेन चार. या कनेक्टरवर जीटीएक्सच्या (एफपीजीएतल्या वेगवान ट्रान्सीव्हरच्या) चारच लेन येतात, म्हणजे हिशेब बरोबर बसतो.

आधी कागद

व्हिवाडो (एफपीजीए डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडण्याआधी अर्धा तास कागदावर घालवा. न जुळणाऱ्या लिंकांपैकी बऱ्याच इथेच बिघडलेल्या असतात.

एल म्हणजे लेन, एम म्हणजे कन्व्हर्टर, एस म्हणजे एका फ्रेममध्ये प्रत्येक कन्व्हर्टरची सॅम्पल, एफ म्हणजे एका फ्रेममध्ये प्रत्येक लेनवर जाणारे ऑक्टेट (आठ बिटांचे गट), के म्हणजे एका मल्टिफ्रेममधल्या फ्रेम. एन हे एडीसीचं रिझोल्यूशन, आपल्याकडे १४. एन-प्राइम म्हणजे सॅम्पलला दिलेली जागा, आपल्याकडे १६.

एफ = एम × एस × एन-प्राइम ÷ (८ × एल) = २ × १ × १६ ÷ ३२ = १

लेनचा वेग = एम × एन-प्राइम × (१०÷८) × सॅम्पलिंगचा वेग ÷ एल = २ × १६ × १.२५ × १००० ÷ ४ = १०,००० मेगाबिट, म्हणजे १० गिगाबिट

तो १०÷८ चा गुणक ८बी/१०बी एन्कोडिंगचा, म्हणजे दर आठ बिटांचे दहा करून पाठवण्याचा. सी आवृत्तीत ६४बी/६६बी वापरलं तर तिथे ६६÷६४ येतो.

के निवडताना मल्टिफ्रेममध्ये किमान १७ ऑक्टेट हवेत आणि के ३२ च्या पुढे जात नाही. आपला एफ १ असल्यामुळे के १७ ते ३२ मध्ये येतो. पण एफ × के ला ४ ने भाग जायला हवा, कारण एफपीजीएतला लिंक सांभाळणारा कोअर एका क्लॉकला लेनमागे चार ऑक्टेट घेतो. मग २०, २४, २८, ३२ एवढेच उरतात. ३२ घ्या. मल्टिफ्रेम जितकी लांब, तितकी लेटन्सी जुळवायला मोकळी जागा जास्त.

आता हे आकडे लिहून भिंतीला लावा: कोअर क्लॉक = लेनचा वेग ÷ ४० = २५० मेगाहर्ट्झ. एलएमएफसी, म्हणजे मल्टिफ्रेमचा स्थानिक क्लॉक = १००० ÷ ३२ = ३१.२५ मेगाहर्ट्झ. एक मल्टिफ्रेम ३२ नॅनोसेकंदाची, म्हणजे कोअरच्या बरोबर आठ क्लॉकची. हे आठ पुढे कामाला येणार आहेत.

हा वेग चिपला झेपतो का?

किंटेक्स-७ चा जीटीएक्स किती वेगाने धावेल हे चिपच्या स्पीड ग्रेडवर ठरतं. एफएफ पॅकेजमध्ये -१ ग्रेडला ८ गिगाबिट, -२ ला १०.३१२५ आणि -३ ला १२.५. केसी७०५ वर -२ ग्रेडची चिप आहे, म्हणून १० गिगाबिट चालतं. स्वतःचा बोर्ड करताना पैसे वाचवायला -१ घेतली, तर हाच डिझाइन तिथे बसणार नाही.

दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. चॅनलचा स्वतःचा सीपीएलएल (लेनचा वेगवान क्लॉक बनवणारा पीएलएल) ६.६ गिगाबिटपर्यंतच नेतो, त्यापुढे चार चॅनलचा सामाईक क्यूपीएलएल लागतो. त्या क्यूपीएलएलचे दोनच पट्टे आहेत: ५.९३ ते ८ गिगाहर्ट्झ आणि ९.८ ते १२.५ गिगाहर्ट्झ. मधला भाग रिकामा. म्हणजे १००० मेगाहर्ट्झला चालणारा डिझाइन कुणी ९०० मेगाहर्ट्झला उतरवला, तर लेनचा वेग ९ गिगाबिट होतो आणि जीटीएक्स तो घेऊच शकत नाही. वेग कमी केला की सगळं सोपं होतं, ही समजूत इथे चालत नाही. अशा वेळी सॅम्पलिंग ८०० वर आणा म्हणजे ८ गिगाबिट मिळतील, नाहीतर अल्ट्रास्केल घराण्याकडे वळा.

क्लॉक आणि सिसरेफ

सगळे क्लॉक एकाच मुळातून हवेत. एडीसीला एक ऑसिलेटर आणि एफपीजीएला दुसरा, दोन्हींवर तोच आकडा छापलेला, असं अजिबात चालत नाही.

एलएमके०४८२८ मध्ये दोन व्हीसीओ (व्होल्टेजने वेग ठरणारे ऑसिलेटर) आहेत. त्यातला दुसरा २९२० ते ३०८० मेगाहर्ट्झमध्ये चालतो. तो ३००० वर लॉक केला की बाकी सगळं पूर्णांक भागाकाराने मिळतं: ३ ने भागून एडीसीला १००० मेगाहर्ट्झ, १२ ने भागून जीटीएक्सचा रेफरन्स क्लॉक २५० मेगाहर्ट्झ, १२ नेच भागून कोअरसाठी आणखी एक वेगळा २५०, आणि ३८४ ने भागून ७.८१२५ मेगाहर्ट्झचा सिसरेफ, म्हणजे दोन्ही चिपांचे एलएमएफसी एकाच क्षणी जुळवणारा सिग्नल. विषम भाजकाला ड्यूटी सायकल दुरुस्ती चालू ठेवा.

सिसरेफ एलएमएफसीएवढा किंवा त्याला पूर्णांकाने भागून आलेला असावा लागतो. ३१.२५ ÷ ४ = ७.८१२५, म्हणून तो चालतो. ‘गोल आकडा बरा’ म्हणून १० मेगाहर्ट्झ लावला, तर प्रत्येक पल्स एलएमएफसीला वेगळ्या जागी खेचेल आणि लिंक अधूनमधून विनाकारण पडत राहील.

कोअरसाठी वेगळा क्लॉक कशाला, रेफरन्स क्लॉकवरूनच काढता येईल की, असा प्रश्न पडतो. काढता येतो, लिंकही लागते. पण सिसरेफ नेमक्या कोणत्या क्लॉक-कडेवर पकडला जातो, त्यावर लेटन्सी ठरते. ट्रान्सीव्हरमधून फिरून आलेल्या क्लॉकपेक्षा क्लॉक-योग्य पिनेवरून थेट आलेल्या क्लॉकचा उशीर टायमिंग अहवालात नीट मोजता येतो. सबक्लास १ मध्ये (मानकाच्या सिसरेफ वापरणाऱ्या पद्धतीत) निश्चित लेटन्सी हवी असेल, तर हा जादा जोड कार्डावर ठेवाच.

सिसरेफ अखंड असेल तर कपॅसिटरमधून जोडला तरी चालतो. एकदाच किंवा मोजक्या पल्स द्यायच्या असतील, तर डीसी जोडणी हवी. नाहीतर पहिल्या काही पल्समध्ये पातळी सरकत राहते आणि नेमकी त्याच वेळी ती पकडली जाते. डेटा लेनवर मात्र १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर नेहमीप्रमाणे.

केसी७०५ च्या एफएमसी पिना २.५ व्होल्टच्या एचआर बँकांत आहेत. सिंक (रिसीव्हरने एडीसीला द्यायची जुळणीची खूण) बाहेर पाठवायला आणि सिसरेफ आत घ्यायला एलव्हीडीएस_२५ लावा. बँकेला २.५ व्होल्ट नसेल, तर एलव्हीडीएस आउटपुट आणि चिपमधलं टर्मिनेशन दोन्ही मिळत नाहीत.

व्हिवाडोमध्ये

एएमडीचं जेस्ड२०४ पीएचवाय आयपी (ट्रान्सीव्हर सांभाळणारा तयार ब्लॉक) व्हिवाडोबरोबर फुकट येतं, पण जेस्ड२०४ लिंक कोअरला परवाना लागतो. मूल्यमापनाचा परवाना बोर्डावर चालतो, मात्र ठरावीक वेळाने कोअर थांबतो. रात्रभर लावलेली चाचणी सकाळी मेलेली दिसली, तर आधी परवाना बघा. अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचा खुला एचडीएल संच हा दुसरा रस्ता; लिनक्ससह सगळी प्रणाली हवी असेल तर तोच बरा.

पीएचवायमध्ये लेनचा वेग १० गिगाबिट, रेफरन्स २५० मेगाहर्ट्झ आणि पीएलएल म्हणून क्यूपीएलएल निवडा. फीडबॅक भाजक ४० येतो, २५० × ४० = १०,०००. इक्वलायझर (तारेत बिघडलेला सिग्नल सावरणारा भाग) एलपीएम या साध्या पद्धतीवर ठेवा. एफएमसीवरचा रस्ता छोटा असतो आणि ८बी/१०बीचा ठरावीक नमुन्यांचा डेटा डीएफई या दुसऱ्या पद्धतीला मानवत नाही. चारही लेन एकाच क्वाडमध्ये आहेत ना, हे पिनांच्या फाइलवरून तपासा.

लिंक कोअरमध्ये रिसीव्हर, चार लेन, सबक्लास १, स्क्रॅम्बलिंग (डेटा ठरावीक नियमाने विस्कटून पाठवणं) चालू. कोअर चालू असताना एएक्सआय-लाइटवरून रजिस्टर लिहिताना एफ आणि के दोन्ही एकने कमी करून लिहायचे असतात: हेक्स ०२० वर ०, हेक्स ०२४ वर ३१. इथे ३२ लिहिलं तर सिंक वर जाऊन लगेच पडतो आणि माणूस दिवसभर केबल हलवत बसतो.

कन्स्ट्रेंटमध्ये दोन्ही क्लॉकना ४ नॅनोसेकंद द्या. सिसरेफचा पहिला फ्लिप-फ्लॉप पिनेजवळच्या आयओ ब्लॉकमध्ये बसवा आणि त्याला इनपुट डिलेचे किमान-कमाल आकडे द्या. सिसरेफला ‘फॉल्स पाथ’ (ही वाट तपासू नको, असा आदेश) लावून टायमिंगचा इशारा गप्प करणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे. तो करू नका, त्यातूनच पुढे चार नॅनोसेकंदाच्या उड्या निघतात.

चालू करण्याचा क्रम

१. एलएमके०४८२८ प्रोग्राम करा, त्याचा लॉक बघा, सगळे आउटपुट सिंक करून घ्या. सिसरेफ अखंड चालू ठेवा.

२. एडी९६८० ला एसपीआयवरून सॉफ्ट रीसेट द्या: हेक्स ००० वर ८१. मग हेक्स ५७१ वर १५ लिहून लिंक बंद करा. लिंक चालू असताना पुढची रजिस्टरं बदलायची नाहीत.

३. हेक्स ५७० वर ८८ लिहा. यात एल ४, एम २ आणि एफ १ एकदमच ठरतात. हेक्स ५६ई वर ००, म्हणजे ६.२५ गिगाबिटच्या वरचा वेग. हेक्स ५८बी वर ८३: वरचा बिट स्क्रॅम्बलिंगचा, खाली एल उणे एक. हेक्स ५८डी वर १एफ, म्हणजे के उणे एक.

४. हेक्स १२० मध्ये सिसरेफ अखंड पद्धतीवर ठेवा आणि हेक्स १२ए मधला गणक वाढतोय का ते वाचा. तो हलत नसेल तर सिसरेफ एडीसीपर्यंत पोचलेलाच नाही, पुढे जाण्यात अर्थ नाही.

५. हेक्स ५७१ वर १४ लिहून लिंक चालू करा. हेक्स ५६एफ चा सर्वांत वरचा बिट १ झाला की एडीसीचा पीएलएल लॉक झाला.

६. आता, आणि आत्ताच, एफपीजीएतल्या क्यूपीएलएलला आणि जीटीएक्सच्या रिसीव्हरला रीसेट द्या. रीसेट पूर्ण झाल्याची खूण आली की लिंक कोअरचा रीसेट सोडा.

सहावी पायरी आधी उरकली, तर क्यूपीएलएल तेव्हा नसलेल्या क्लॉकवर आणि सीडीआर (डेटातून क्लॉक काढणारा भाग) रिकाम्या तारेवरच्या गोंगाटावर लॉक शोधत बसतो. मग बोर्ड कधी चालतो, कधी नाही. ‘दुसऱ्यांदा प्रोग्राम केलं की चालतं’ असं कुणी म्हणालं, तर जवळजवळ नेहमी क्रमच उलटा असतो.

लिंक लागत नाही तेव्हा

सुरुवातीला रिसीव्हर सिंक खाली ओढतो, एडीसी के२८.५ या नियंत्रण-खुणेचा मारा करतो, सलग चार नीट ओळखले की रिसीव्हर सिंक सोडतो. पुढच्या एलएमएफसी कडेला चार मल्टिफ्रेमची आयलास (लेन जुळवण्याची सुरुवातीची) मालिका येते. प्रत्येक मल्टिफ्रेम के२८.० ने सुरू होते, के२८.३ ने संपते, आणि दुसऱ्या मल्टिफ्रेममध्ये के२८.४ नंतर लिंकच्या मापांचे १४ ऑक्टेट येतात. त्यानंतर खरा डेटा.

तेव्हा व्हिवाडोचा लॉजिक अ‍ॅनालायझर जीटीएक्सच्या कच्च्या डेटावर लावा आणि पहिल्यांदा बीसी बीसी बीसी बीसी दिसतं का बघा. के२८.५ म्हणजे हेक्स बीसी. दिसत नसेल तर वेग, क्लॉक किंवा एडीसीची बंद लिंक, या तिघांपैकीच काहीतरी आहे. दिसतंय पण सिंक वर जात नाही, तर सिसरेफकडे वळा. सबक्लास १ मध्ये सिसरेफ आल्याशिवाय कोअर सिंक सोडत नाही. खात्रीसाठी दोन्ही बाजू तात्पुरत्या सबक्लास ० वर टाका. लिंक लागली तर दोष सिसरेफच्या वाटेतच आहे. सिंकच्या दोन पिना उलट जोडल्या गेल्या असतील तरी असंच दिसतं.

एखाद्या लेनची धन-ऋण तार बोर्डावर उलटली असेल, तर पहिला टप्पा आरामात पार होतो. के२८.५ ची दोन्ही रूपं एकमेकांची बरोबर उलट असतात, आणि के२८.०, के२८.३, के२८.४ यांचंही तसंच. म्हणून सगळ्या खुणा जागेवर दिसतात, मधला मजकूर मात्र बिघडलेला. त्या लेनपुरतं आरएक्स पोलॅरिटी बिट उलटा करा, बोर्ड बदलायची गरज नाही.

लेनची अदलाबदल शोधायला आयलासमधल्या १४ ऑक्टेटांपैकी तिसऱ्यातला लेन क्रमांक वाचा. चौथ्यात स्क्रॅम्बलिंग आणि एल, पाचव्यात एफ, सहाव्यात के, सातव्यात एम. एडीसी स्वतःला काय समजतोय ते तोच इथे सांगतो. हे वाचायचं सोडून डेटाशीटची पानं उलटत बसण्यात वेळ जातो.

आणि एक चकवा: आयलास स्क्रॅम्बल होत नाही. त्यामुळे एका बाजूला स्क्रॅम्बलिंग चालू आणि दुसरीकडे बंद असलं, तरी लिंक हिरवी दिसते आणि डेटा निव्वळ गोंगाट असतो. अँटेनाला किंवा अ‍ॅम्प्लिफायरला दोष देण्याआधी हा बिट बघा.

तारेचीच शंका असेल तर हेक्स ५७३ मधून एडीसीला पीएन३१ नमुना पाठवायला लावा आणि जीटीएक्सचा पीआरबीएस (अशा आभासी-यादृच्छिक नमुन्यांचा) तपासनीस सुरू करा. १० गिगाबिटला ३ लाख कोटी बिट पाच मिनिटांत जातात. तेवढ्यात एकही चूक आली नाही, तर त्रुटीदर लाख कोटीत एकाच्या खाली आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं.

सॅम्पल जुळवणं

एएमडीचा कोअर ट्रान्सपोर्ट थर करून देत नाही. लेनवरचे ऑक्टेट जोडून सॅम्पल करायचं काम तुमचं. आपल्या मांडणीत लेन ० वर चॅनल ‘ए’चा वरचा ऑक्टेट, लेन १ वर खालचा, लेन २ आणि ३ वर तसंच चॅनल ‘बी’चं. प्रत्येक लेनच्या ३२ बिटांत चार सॅम्पलचे तुकडे असतात आणि आधी आलेला ऑक्टेट खालच्या ७ ते ० बिटांत बसतो. म्हणजे पहिलं सॅम्पल = लेन ० चे बिट ७ ते ०, त्यांच्या मागे लेन १ चे ७ ते ०. दुसरं सॅम्पल दोन्हींच्या १५ ते ८ मधून, आणि पुढे तसंच. १४ बिट वर सरकवलेले असतात, म्हणून चिन्ह राखून दोन बिट उजवीकडे सरकवा.

तपासायला साइन वेव्ह नको. साइन वेव्ह फार उदार असते, अर्ध्या चुका पोटात घालते. हेक्स ५५० वर ०एफ लिहून रॅम्प लावा आणि एफपीजीएतच ‘मागच्यापेक्षा एकने जास्त’ हा तपास ठेवा. दर चार सॅम्पलमागे क्रम उलटा दिसला तर ऑक्टेटचा क्रम चुकला आहे. दर ६४ सॅम्पलनी मोठी उडी दिसली तर वरचा आणि खालचा ऑक्टेट उलटले आहेत, कारण खालच्या ऑक्टेटमध्ये सॅम्पलचे सहाच बिट असतात.

लेटन्सी

लिंक लागली, रॅम्प बरोबर आला, तरी दोन कार्डांमधला फेज मोजायचा असेल तर काम अजून उरलं आहे. एडीसीच्या इनपुटला एक तीव्र पल्स द्या, तिच्याशी बांधलेली खूण एफपीजीएत घ्या आणि दोन्हींमधलं अंतर प्रत्येक वेळी वीज बंद-चालू करून नोंदवा. अंतर बदलत असेल, तर ते कितीने बदलतं यावरून दोष कळतो.

३२ नॅनोसेकंदाची उडी म्हणजे पूर्ण एक मल्टिफ्रेम. डेटा रिसीव्हरच्या बफरमध्ये एलएमएफसीच्या कडेपाशी पोचतो, कधी अलीकडे, कधी पलीकडे. ४ नॅनोसेकंदाची उडी म्हणजे कोअरचा एक क्लॉक: एफपीजीए सिसरेफ काठावर पकडतोय. १ नॅनोसेकंद म्हणजे एक सॅम्पल: एडीसीकडे सिसरेफचा सेटअप किंवा होल्ड मोडतोय. हेक्स १२८ मध्ये एडीसी स्वतः तो इशारा देतो. शेवटच्या दोन्हींवर उपाय एकच, एलएमके०४८२८ मध्ये त्या सिसरेफ आउटपुटचा डिजिटल उशीर अर्ध्या-अर्ध्या पायरीने सरकवा आणि कडेपासून दूर न्या.

पहिल्यासाठी बफर सोडण्याची जागा बदलायची. कोअर प्रत्येक लेनचा डेटा मल्टिफ्रेमच्या आठपैकी कितव्या क्लॉकला आला ते रजिस्टरमध्ये दाखवतो. दहा-पंधरा वेळा वीज बंद-चालू करून सर्वांत उशिरा येणाऱ्या लेनचे आकडे लिहून काढा. ते ७ आणि ० मध्ये हलत असतील, तर डेटा कडेवरच येतोय. सोडण्याची जागा ३ वर न्या म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-चार क्लॉकची मोकळीक राहते. ते रजिस्टर ऑक्टेटमध्ये मोजतं की क्लॉकमध्ये, हे कोअरनुसार बदलतं, लिहिण्याआधी मॅन्युअलमधलं एकक बघून घ्या. हीच नोंद थंड आणि तापलेल्या बोर्डावर वेगवेगळी करा, कारण तापल्यावर उशीर वाढतो आणि खोलीत मोजलेली मोकळीक बंद डब्यात आकसते.

जागा पक्की झाल्यावर सिसरेफचे आउटपुट एलएमके०४८२८ मधून बंद करा. अखंड ठेवला तर ७.८१२५ मेगाहर्ट्झ आणि त्याच्या पटींचे काटे स्पेक्ट्रममध्ये उगवतात. पुन्हा सिंक करायची वेळ आली की आधी सिसरेफ चालू, मग लिंक.